पोचवणारे मामा

काही माणसं लग्नात खुलतात, काही भांडणात. आमचे बंगळूरचे मामा मयतात खुलायचे. एरवी पेपरातलं कोडं अडलं तरी मामीला विचारणारा माणूस. पण कुणाच्या जाण्याची खबर आली की पाठ ताठ व्हायची, पांढरा शर्ट अंगावर चढायचा आणि खिशात निळं, लाल, काळं अशी तीन पेनं खोचली जायची.

प्रत्येक मराठी गोतावळ्यात असा एक असतोच. तिरडीचे बांबू कुठे मिळतात, मडकं कुणाकडून आणायचं, खांदा देताना उंचीप्रमाणे माणसं कशी लावायची, हे त्याला ठाऊक असतं. पुण्या-मुंबईत त्याच्यासाठी सगळी वाट मळलेली असते. बंगळुरात त्याला सगळं शून्यातून उभं करावं लागतं. मुलगा व्हाइटफील्डला, सून मीटिंगमध्ये, गुरुजी मल्लेश्वरम्‌ला, आणि गेलेले आजोबा मुळात साताऱ्याचे, चार दिवस हवापालटाला आलेले. त्यात सोसायटीचा सेक्रेटरी अदबीने विचारतो, "सर, सर्व्हिस लिफ्टनेच नेणार ना?" अशा वेळी मामा लागत.

मामांचा क्रम ठरलेला. "आधी डॉक्टर. फॉर्म चार-ए. मग रडा." मृत्यू घरी झाला असेल तर कारण लिहिलेला हा कागद हातात पडेपर्यंत ते कुणाला धड हुंदकाही देऊ देत नसत. १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, ही माहिती ते नुकत्याच विधवा झालेल्या बाईला पहिल्या दहा मिनिटांत पुरवत. ती बिचारी रडायची थांबून "हो का?" म्हणायची. मला वाटतं, यातच मामांचं कसब होतं. दुःखाने बधिर झालेल्या घराला ते इतकी कामं लावत की घर त्यांच्यावर चिडे, आणि चिडलेला माणूस निदान चार घास जेवतो तरी.

नोकरी एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात झालेली, त्यामुळे वेळेचा जाच. चारचा मुहूर्त म्हणजे पावणेचारला गाडी दारात. पण बंगळुरात गाडी दारातून निघते हे खरं, पोचते केव्हा हे सिल्क बोर्डच्या सिग्नलच्या मर्जीवर. "मेल्यावर तरी ट्रॅफिक सुटेल असं वाटलं होतं," असं ते शववाहिनीत ड्रायव्हरशेजारी बसून मागे वळून बोलत. कुणाशी बोलत, ते मी कधी विचारलं नाही.

शहरावर त्यांचा वडिलोपार्जित हक्क होता. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आलं आणि ते शहाजीराजांना जहागीर मिळालं, म्हणजे पर्यायाने मामांनाच. पुढे १६८७ च्या सुमारास हेच शहर तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेलं, याचं दुःख ते कालपरवा घडल्यासारखं करत. "तीन लाख! आज जयनगरात तेवढ्यात स्कूटर लावायला जागा देत नाहीत." शहाजीराजांच्या मृत्यूवर मात्र त्यांची भक्ती. १६६४ साली शिकारीत, घोड्यावरून पडून. समाधी दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरे गावी. "याला म्हणतात जाणं. व्हेंटिलेटर नाही, टीपीए नाही, बिलावर सही नाही."

इतरांच्या अंत्ययात्रांचं ते रसग्रहण करत. १२ एप्रिल २००६ ला डॉ. राजकुमार गेले तेव्हा शहर पेटलं होतं. मामांचा शेरा : "माणसं हवीत, पण इतकी नकोत की घरच्यांनाच वाट मिळू नये." १० जून २०१९ ला गिरीश कर्नाड गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे विधी नाहीत, सरकारी इतमाम नाही, थेट कल्पळ्ळीच्या विद्युतदाहिनीत. मामा दिवसभर अस्वस्थ. "मोठा माणूस. तत्त्वाचा. पण नाटककाराने शेवटचा अंक पडद्याआड करायचा?" २०२१ मध्ये पुनीत राजकुमार गेला, त्याचे डोळे दान झाले आणि नेत्रदानाचे फॉर्म भरणाऱ्यांची लाट आली, त्यात मामाही होते. फॉर्म भरून आल्यावर त्यांनी आठवडाभर चष्मा रोज दोनदा पुसला. माल चांगल्या स्थितीत द्यायला हवा ना.

त्यांना खरी भूल होती ती तमट्यांची. इथल्या गल्ल्यांतून कधी तरी फुलांनी मढवलेली गाडी निघते, पुढे हलग्यांचे भाऊबंद असे तमटे कडाडतात, रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा सडा पडतो आणि पोरं अशी नाचतात की परक्याने वरातच समजावी. मागे अडकलेले लोक हॉर्न वाजवत. मामा स्कूटर बंद करून, हेल्मेट काढून उभे राहत. "आपले लोक बघ, स्मशानातसुद्धा पासबुक भरायला आल्यासारखे उभे असतात."

मामा गेले ते शुक्रवारी संध्याकाळी. ही वेळ दुसऱ्या कुणी निवडली असती तर त्याला त्यांनी फैलावर घेतलं असतं. डोळे न्यायला माणसं आली, डॉक्टर आले, चार-ए आला, आणि मग आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. पुढे काय करायचं ते विचारायचं कुणाला? ज्यांना विचारायचं ते चटईवर.

मामीने मामांची वही आणली. शेवटच्या पानावर त्यांचंच नाव. निळ्या पेनात करायच्या गोष्टी : गाडीवाल्याचा नंबर, फुलं सिटी मार्केटमधूनच, रात्री बाजारात उतरल्या उतरल्या. लाल पेनात करायच्या नाहीत त्या : भाषणं, चंदनाचा हार, व्हॉट्सॲपवर मेणबत्ती. काळ्या पेनात एकच शब्द होता. तमटे.

"हे आपल्यात चालत नाही हं," पुण्याहून पहाटेच्या विमानाने आलेली मावशी म्हणाली.

"गणपतीला पोचवताना वाजवताच की तुम्ही," मामी म्हणाल्या. मग जरा थांबून, "मागायची लाज वाटली की ते काळं पेन काढतात."

तमटेवाले चौघे आले. एकाच्या अंगात फुटबॉल क्लबचा टी-शर्ट, एकाच्या कानाला मोबाइल. त्यांनी गेटपाशी जुन्या वर्तमानपत्रांचा जाळ केला आणि तमट्यांची कातडी त्यावर धरून तापवली, मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान लावत. कारखान्यात घड्याळ कानाला लावून बघायचे तसंच, असं मामांचे एक जुने सहकारी म्हणाले. कातडं ताणलं, काठ्या पडल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतलं कबुतर उडालं. मग गल्लीच उठली. इस्त्रीवाला, दूधवाला, समोरची मल्याळी नर्स. गुडघ्याला पट्टा बांधलेले ते एचएमटीचे सहकारी पाय उचलून नाचायला लागले. न्यू जर्सीहून व्हिडिओवर असलेला मामेभाऊ आधी ओरडला, "नेटवर्क खराब आहे, कसला आवाज येतोय?" मग म्हणाला, "फोन वळव ना, ते काका दाखव." आणि अमेरिकेत एकटाच, किचनमध्ये उभा, हसत-रडत राहिला.

मावशीने पदर तोंडाला लावला होता. चप्पल मात्र ठेका धरत होती.

बनशंकरीच्या दाहिनीवरच्या कारकुनाशी मामांचं वर्षानुवर्षांचं भांडण. त्याने आमचे कागद घेतले, चाळले आणि मान हलवली. नेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आम्ही विसरलो होतो. "सार इद्दिद्रे बय्तिद्रु," तो म्हणाला. सर असते तर ओरडले असते. माझं कार्ड घेऊन तो स्वतः रस्ता ओलांडून झेरॉक्स काढून आला, आणि पैसे घेईना.

अस्थी श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीत सोडल्या. दहाव्याला नातेवाइकांनी एकेक आश्वासन तयार ठेवलं होतं : मामीला आम्ही बघू, घर विकणार नाही, वगैरे. गुरुजींनी पिंड धड मांडलासुद्धा नव्हता तोच कावळा शिवून गेला. सगळ्यांची आश्वासनं तशीच राहिली. "शिफ्टची सवय," मामी म्हणाल्या.

तेराव्याच्या जेवणाला इथे वैकुंठ समाराधना म्हणतात आणि ते ओब्बट्टू, कोसंबरी, हुळीसकट रीतसर होतं. वहीत निळ्या पेनात लिहिलं होतं : पहिल्या पंगतीला तमटेवाले. चौघे स्वच्छ शर्ट घालून आले, संकोचून बसले आणि ओब्बट्टूवर तूप नको म्हणाले नाहीत. मावशी स्वतः वाढत होती. त्या दिवशीच्या टी-शर्टवाल्यापाशी ती रेंगाळली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच हिंदीत विचारलं, पुण्याला यायचं झालं तर चौघांचं रेल्वेभाडं धरून किती होतील?

त्याने घास थांबवून खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं.

"तारीख कौनसी, अम्मा?"