फ्रेंच करणारा

फ्रेंच शिकणारा आणि फ्रेंच करणारा या दोन वेगळ्या जाती आहेत. शिकणारा अकरावीत मार्कांसाठी फ्रेंच घेतो आणि बारावीनंतर 'बोंझूर'सकट परत करतो. करणारा पंचविशी-तिशीतला, बहुधा पुण्यात आयटीत असतो. काय चाललंय असं कुणी विचारलं, की तो 'ए-वन झालं, ए-टू करतोय' असं सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गोळ्यांचा कोर्स असावा. प्रत्यक्षात ए-वन ते सी-टू या युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या सहा पायऱ्या आहेत. कोऱ्या पाटीपासून बी-वनपर्यंत साधारण ३५० ते ४०० तास लागतात. इंटेन्सिव्ह बॅचला रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सहा महिने. घरच्यांचे किती तास जातात, ते माहितीपत्रकात नसतं.

सुरुवात घशापासून होते. फ्रेंच 'र' जिभेच्या शेंड्याने नव्हे, पडजिभेपाशी काढायचा असल्यामुळे पहिल्या आठवड्यात आई काढा करून देते. मग घरभर चिठ्ठ्या लागतात, कारण प्रत्येक नामाला लिंग आहे. टेबल स्त्रीलिंगी का, या प्रश्नावर तो वर्गात बराच वेळ घेतो. मास्तरीण मराठी असेल तर शांतपणे विचारते, "मग वाटी स्त्रीलिंगी, पेला पुल्लिंगी आणि ताट नपुंसकलिंगी का?" तीन लिंगं बिनतक्रार सांभाळणारा माणूस दोन लिंगांनी घायकुतीला येतो, ही या जातीची खूण.

आकड्यांत तेच. फ्रान्समध्ये ८० म्हणजे 'चार-वीस' आणि ९७ म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. हे ऐकून तो फ्रेंचांच्या अकलेची कीव करतो. गावाकडची आजी मात्र म्हणते, "चार विसा आणि सतरा. त्यात काय?" तिला हिशेब लगेच कळतो, नातवाला 'सत्त्याण्णव' म्हणजे नाइन्टी-सेव्हन हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

ए-टूला भूतकाळ येतो आणि वजन घटतं. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या क्रियापदांना 'असणे'चं साहाय्य लागतं, बाकी बहुतेकांना 'जवळ असणे'चं. ती यादी पाठ करायला तो 'डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रँप' नावाच्या काल्पनिक जोडप्याच्या इंग्रजी आद्याक्षरांना शरण जातो. या यादीतल्या क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं: तो गेला, ती गेली. उरलेल्यांत कर्म आधी आलं तर रूप कर्माप्रमाणे फिरतं: मी खाल्लेला आंबा, मी खाल्लेली चिंच. आठवीत कर्तरी-कर्मणी प्रयोगाच्या तासाला बाकाखाली पत्ते खेळलेला हा गृहस्थ आता फ्रेंचांच्या तर्कशुद्धतेने भारावून जातो. मराठीत असं काही असल्याची त्याला बातमी नसते.

बी-वनला त्याला मत येतं. पर्यावरण, मोबाइलचं व्यसन, शहर की खेडं: कशावरही १६० शब्दांत, 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे' लावून. ही सवय घरीही उतरते. पोहे की उपमा या प्रश्नाला दोन्ही बाजू मिळतात आणि नाश्ता थंड होतो. बोलताना शब्द अडला की तो 'अं' म्हणत नाही. ओठांचा चंबू करून 'अ‍ॅ' म्हणतो. एवढं मात्र अस्सल फ्रेंच साधलेलं असतं.

शेवटी डेल्फची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ मिळाले की पास. प्रमाणपत्र जन्मभर चालतं. पेढे वाटले जातात. पेढा तोंडात असतानाच काका विचारतात, "म्हणजे आता कॅनडा?"

तिथे घोडं अडतं. कॅनडाने २०२३पासून फ्रेंच येणाऱ्या स्थलांतरितांसाठी वेगळी निवड सुरू केली खरी, पण तिला डेल्फ चालत नाही. टेफ किंवा टीसीएफ ही परीक्षा लागते, चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी, म्हणजे अंदाजे बी-टू. आणि तो निकाल दोनच वर्षं टिकतो.

"बी-टू करतोय," तो सांगतो आणि दुसरा पेढा उचलतो.