दोन टॅटूंवर एक गरुड फुकट

बाळापुरात पारसच्या रस्त्याला लागताना एका मोबाइलच्या दुकानावर फ्लेक्स लागला आहे. ‘दिवाळी धमाका! आपल्या माणसाला द्या कायमची भेट. दोन टॅटू काढा, एक कव्हर-अप फ्री.’ शेजारी चांदणी, आणि त्या चांदणीचा खुलासा अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात: ‘कव्हर-अप कूपन एक वर्षापर्यंत ग्राह्य.’

भेट कायमची आणि ती झाकायचं कूपन वर्षाचं. सोनारानं मंगळसूत्राच्या डबीत वकिलाचं कार्ड घालून द्यावं, तसला हा प्रकार. पण दुकानदाराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या तालुक्यात ‘कायमचं’ किती दिवस टिकतं, याची सर्वांत खरी आकडेवारी त्याच्याच गल्ल्यात असणार.

आता भेटीचं. भाऊबीजेला बहीण ओवाळते, भाऊ ताटात काहीतरी टाकतो, एवढा साधा व्यवहार. यंदा आमच्या गल्लीतल्या एका पोट्ट्यानं ताटात काही टाकलंच नाही. बाही वर सारली आणि दंड ताटापुढं धरला. दंडावर ‘ताई’. कातडी अजून लालभडक, वर कसलंसं चोपडलेलं मलम, त्यावर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेलं. ताईनं निरांजन जरा लांबूनच फिरवलं, प्लास्टिक वितळायचं म्हणून.

‘‘अन् मले काय?’’ ताईनं विचारलं.

‘‘हेच तं हाये ना तुहं.’’

ओवाळणी ताईची, दंड भावाचा. भेट देणाऱ्याच्याच अंगावर राहते, घेणारीनं फक्त पाहायची. साडी परत मागता येते, ही भेट मुळात दिलीच जात नाही. पलीकडच्या घरात मायला मिक्सर हवा होता. लेकानं छातीवर ‘आई’ काढून आणलं. आता चटणी वाटायची वेळ आली, की माउली लेकाच्या छातीकडं पाहते आणि पाट्याकडं वळते. पाडव्याला एका नवरोबानं मनगटावर बायकोचं नाव काढलं. त्यावर बायकोनं शांतपणे विचारलं, ‘‘डावा हात मोकळा काऊन ठेवला?’’

हे सगळं मी सोसलं असतं. हसून सोडून दिलं असतं. पण त्या फुकटच्या कूपनावर गरुड मिळतो, आणि हा गरुड काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

गरुडच का? दुकानदारानं मला बसवून समजावलं, आणि त्याचं शास्त्र पक्कं निघालं. सुईनं सोडलेली शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही, खालच्या थरात जाते. तिथं आपल्याच पेशी तिला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. गिळून तशाच बसतात. एक पेशी मेली, की तिच्या पोटातली शाई शेजारची दुसरी गिळते. म्हणून नाव वर्षानुवर्षं जागच्या जागी. ते सहजी खोडता येत नाही, त्याच्यावर दुसरं काहीतरी बसवावं लागतं. आणि बसवायचं ते खालच्यापेक्षा गडद हवं, कारण काळ्यावर फिका रंग दिसत नाही. आणि दुप्पट-तिप्पट मोठं हवं, नाहीतर कडेनं जुनी अक्षरं डोकावतात. गडद, मोठं, दाट पिसांचं, शिवाय मर्दानी. कावळा गडद असतो, पण दंडावर कावळा कोण काढणार? तो पिंडावर बरा. मोर चालला असता, पण मोराला हिरवा-निळा लागतो आणि चौरस इंचाचा दर वाढतो. हो, कातडीचा भाव आता चौरस इंचावर आहे. हायवेच्या कडेची वावरं चौरस फुटानं गेली, उरलं होतं अंग, तेही ले-आऊटला पडलं.

तर गरुड. साक्षात विष्णूला पाठीवर घेऊन फिरणारा. बाळापुरात येऊन तो प्रियांकावर बसला आहे.

आणि कसा बसला आहे! कारागिरी पाहण्यासारखी आहे. प्रियांकातल्या ‘प्रि’च्या वेलांटीची चोच झाली. ‘यां’वरचा अनुस्वार म्हणजे डोळा. ‘यां’चा एक काना आणि ‘का’चा एक, हे दोन पाय. हे एकदा दिसलं, की मग दुसरं काही दिसतच नाही. मी आता एसटीत, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या दंडांवर फक्त गरुड वाचतो. एका पोराच्या गरुडाला तीन पाय आहेत; ती आराधना. एकाला एकही पाय नाही, सदा उडता, डोक्यावर मात्र तुरा. तो ‘ने’वरच्या मात्रेचा, ती स्नेहल. एक गरुड दोन डोळ्यांचा आहे आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. तिथं बहुधा दोन अनुस्वार पडले असावेत, किंवा दोन पोरी. पंक्चरच्या दुकानातल्या एका पोराच्या गरुडाच्या पायात साप आहे. मला वाटलं, साप हौसेनं काढला असेल. दुकानदार म्हणाला, ‘‘नाई काका, थो रुपालीचा उकार हाये.’’ त्यानं मला धंद्याचं मर्मही सांगून टाकलं. ‘‘पोरं येतात अन् पोरीचा स्वभाव सांगतात. म्या म्हंतो, स्वभाव राहू द्या, काने किती हायेत थे सांगा. अन् आजूबाजूनं जागा सोडून ठिवा.’’ म्हणजे नाव काढतानाच भोवती गरुडापुरतं मार्जिन सोडायचं. घर बांधताना आपल्याकडं कुणी एवढं मार्जिन सोडलं असतं, तर गल्लीतून बंब तरी गेला असता.

पूर्वी नाव लिहायच्या कामाला किल्ला होता. मन आणि म्हैस नद्यांच्या बेचक्यातला आपला किल्ला १७५७ साली पुरा झाला म्हणतात. उंचच उंच भिंती, पक्क्या विटांच्या. कोळशाचा तुकडा घेतला, नाव लिहिलं, खाली बाण काढला, संपलं. पुढं तिचं लग्न ठरलं, तर विटेला त्याचं काही नव्हतं. चार पावसाळ्यांत कोळसा धुऊन जायचा आणि पोरगाही धुऊन-पुसून मुंडावळ्या बांधायला मोकळा व्हायचा. ऐतिहासिक वास्तू विद्रूप करणं वाईटच, त्याचं मी समर्थन करत नाही. पण निदान वीट भरतीला जात नव्हती.

भरतीचं सांगतो. हायवेच्या कडेनं पहाटे पोरं धावतात, ती तुम्हीही पाहिली असतील. त्यातला एक मला माहीत आहे. धावण्यात, उंचीत, छातीत, कशातच कमी नाही. निमलष्करी भरतीचा नियम असा, की टॅटू चालतो, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपराखाली, किंवा पालथ्या पंजावर. उजव्या हातावर नाही, कारण त्या हातानं सलाम ठोकायचा असतो. आकार त्या भागाच्या पावापेक्षा लहान हवा. देवाचं चिन्ह चालतं, नावही चालतं. या पोराच्या डाव्या हातावर, आतल्या बाजूला, बोटभर अक्षरात ‘प्रियांका’ होतं. म्हणजे प्रेमात पडताना त्यानं नकळत सरकारी नियमाचं तंतोतंत पालन केलं होतं. पण मधल्या काळात प्रियांकाचं पुण्याला लग्न झालं. पोराला वाटलं, डॉक्टर विचारेल ही कोण, आणि आपण उघड्या अंगानं काय सांगायचं? कूपन होतंच. गरुड बसला. नावाच्या तिप्पट बसला, एक पंख मनगटापर्यंत, दुसरा कोपराला वळसा घालून बाहेरच्या बाजूला. वैद्यकीय तपासणीत बाद.

सरकारला प्रियांका चालत होती हो! गरुड चालला नाही.

आता त्याला कुणीतरी लेझर सुचवलं आहे. लेझरला काळी शाई तशी लवकर दाद देते. नुसतं नाव असतं, तर तुलनेनं सोपं होतं. पण वर आता पिवळी चोच आहे आणि पंखांना हिरवी झाक आहे, आणि पिवळा-हिरवा हे लेझरला सर्वांत हट्टी रंग. एका बैठकीत भागत नाही, दोन बैठकांच्या मध्ये काही आठवडे कातडी भरून यावी लागते, आणि प्रत्येक बैठकीचे पैसे निराळे. पोराच्या बापानं हिशेब सोयाबीनमध्ये मांडला. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो कागदावर. दिवाळीच्या तोंडावर ओलं म्हणून, डागी म्हणून, काळं पडलं म्हणून व्यापारी जे पाडून मागतो, ते मांडलं, तर गरुडाचा एक पंख उतरवायलाच पोत्यांची थप्पी लागते. बाप म्हणाला, ‘‘पेरलं म्या, अन् फवारा मारला म्या. अन् खाऊन रायला गरुड.’’ मला यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. भाव द्यायला कुणी नाही, पण शेतकऱ्याच्या पोराच्या खिशातली शेवटची नोट कशी काढायची, याच्या योजना दर सणाला नव्या निघतात. कर्जावर मोबाइल, हप्त्यावर गाडी, आणि आता कूपनावर गरुड.

आणखी एक. ज्यांनी ‘तुझ्यासाठी रक्त सांडीन’ म्हणत नावं काढली, त्यांना सुई लागल्यापासून बारा महिने रक्तदान करता येत नाही. रक्तपेढीचा नियम आहे. म्हणजे ती खरोखर दवाखान्यात पडली आणि रक्त लागलं, तर दुसऱ्याच कुणाला तरी बोलवावं लागेल. बहुधा पुण्याच्या नवऱ्याला.

एवढ्यावर मी थांबणार होतो, पण दुकानातला तो अल्बम चाळला आणि डोकं फिरलं. अल्बमचं पहिलंच पान ‘ट्रायबल’. पानंच्या पानं काळ्या धारदार नक्षीची, सात समुद्रांपलीकडच्या बेटांवरची, जिथं ती नक्षी कुळाची आणि मानाची खूण असते. आमचा पोरगा ती चौरस इंचाच्या भावानं दंडावर घेतो आणि आरशात पाहतो. आणि हाच पोरगा अमरावतीहून परतवाड्याच्या गाडीत बसला आणि समोर मेळघाटातली कोरकू बाई असली, तर तिच्या कपाळावरच्या गोंदणाकडं पाहून कोपरानं मित्राला ढोसतो. लाज वाटत नाही? बेटावरचा आदिवासी दंडावर चालतो आणि आपल्याच वऱ्हाडातला शेजारच्या सीटवर चालत नाही!

आमच्या आज्यांच्या हनुवटीवर ठिपका होता, हातावर तुळस होती. गोंदणारीण दारात यायची, काजळीत सुया बुडवायची, आठ-दहा बाया ओसरीवर बसायच्या आणि पोरी रडायच्या. मोबदल्यात पायलीभर ज्वारी. कित्येकींच्या हातावर नवऱ्याचं नावही असे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची चोरी होती. रेशनच्या दुकानात कारकुनानं नाव विचारलं, तर बाई पदर सावरून हात पुढं करायची, घे बापा वाचून. मेल्यावर बाकी सारं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या सांगायच्या. त्या काळात सगळे संसार सुखाचे होते, असं मी म्हणत नाही. काहींचे नवरे असे होते, की त्या नावावर गरुडच काय, अख्खं जटायूचं कुटुंब बसवलं तरी कमी पडलं असतं. पण कूपन नव्हतं. आता त्यांच्या नाती लग्नाच्या फोटोत ‘गावठी’ दिसायला नको म्हणून मायच्या हनुवटीवरचा ठिपका लेझरनं काढायला नेतात, आणि परतीच्या वाटेवर स्वतःच्या मानेवर तीन ठिपके काढून घेतात. तीन ठिपक्यांचा अर्थ काय, म्हणून एकीला विचारलं. म्हणाली, ‘‘मिनिमल.’’

वऱ्हाडात शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळणं किती अवघड झालं आहे, हे मी नव्यानं सांगायला नको. पंचवीस एकर आहे म्हटलं, तरी मुलीकडचे नोकरीच विचारतात. त्यात हा गरुड. पाहुणे आले की पोरगा वैशाखातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसतो, घामानं ओला होतो. आणि मुलीचा मामा, जो स्वतः कधीकाळी किल्ल्याच्या भिंतीवर लिहून आला आहे, तो हळूच म्हणतो, ‘‘जरा बाही वर करता का, पावने?’’ मग पाय मोजले जातात.

तीन पायांच्या गरुडाचं मात्र नशीब फळफळलं. त्याला स्थळ आलं बुलढाण्याकडचं, सगळं जुळलं, आणि मुलीचं नाव निघालं आराधना. ही दुसरी, जुनीशी काही संबंध नाही. पोराच्या मायनं देवापुढं साखर ठेवली. पोरगा तडक दुकानात पळाला. म्हणे वरचा गरुड उडवा, खालचं नाव मोकळं करा. साखरपुड्यात बाही वर करून दाखवतो, पैसे वाचतात आणि छापही पडते. दुकानदारानं कूपन उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

‘‘हे झाकाचं कूपन हाये भाऊ, उघडाचं नाई. अन् लेझरले का समजते, गरुड कोनता अन् आराधना कोनती?’’