जुहूची संध्याकाळ : सुकी पुरी आणि तिसरी घंटा

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील जुहू येथे संध्याकाळी येणाऱ्या प्रवाशाचा घोषित हेतू समुद्रदर्शन हा असला, तरी वाळूत पाय ठेवताच तो खाद्यपदार्थांच्या गाळ्यांकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहतो, आणि सूर्य बिचारा त्याच्या पाठीमागे कोणाच्याही देखरेखीशिवाय मावळतो. गाळ्यांपुढील माणसे मेन्यूकार्ड फडकावीत त्याला अडवतात व शेजारच्या गाळ्याच्या यादीशी तंतोतंत जुळणारी यादी अपूर्व म्हणून वाचून दाखवतात. पाणीपुरीच्या व्यवहाराला तर स्वतःचे विधिशास्त्र आहे : हिशेबाबाहेर, पाण्याविना, नुसता मसाला भरून मिळणाऱ्या अखेरच्या पुरीस ‘सुकी पुरी’ म्हणतात, आणि लाखोंच्या मोटारीतून उतरलेला गृहस्थही ती वडिलोपार्जित हक्क असल्यासारखी मागून घेतो. त्यानंतर येतो ‘काला खट्टा’, म्हणजे किसलेल्या बर्फाच्या गोळ्यावर ओतलेले गडद जांभळे, आंबटगोड सरबत. त्याचा रंग जिभेवर बराच काळ टिकतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

कारण किनाऱ्यापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर पृथ्वी थिएटर आहे. पृथ्वीराज कपूर यांच्या स्मृत्यर्थ शशी आणि जेनिफर कपूर यांनी उभारलेले हे छोटे नाट्यगृह 1978 मध्ये सुरू झाले, ते गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मूळ मराठी नाटकाने. येथील रंगमंच तीन बाजूंनी प्रेक्षकांनी वेढलेला असल्याने नटाला प्रेक्षकाची जांभई जवळून दिसते, आणि उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही हा नियम तर इतका कडक, की तिसरी घंटा, म्हणजे प्रयोग सुरू होत असल्याची अखेरची सूचना, झाल्यावर ओळखदेखही कामी येत नाही. वाहतूककोंडीचे कारण सांगणाऱ्याची जांभळी जीभ त्याच वेळी खरे कारण सांगून टाकते.

असा वंचित रसिक मात्र घरी जात नाही. तो अंगणातील कॅफेत सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा लिंबू पिळलेला चहा, मागवतो, सोबत काहीतरी खाण्याचेही, आणि प्रयोग सुटल्यावर बाहेर येणाऱ्या प्रेक्षकांना दुसरा अंक कसा ढिला पडला हे समजावून सांगतो.