पोटदुखी : एक कौटुंबिक निदानशास्त्र

मराठी कुटुंबात पोटदुखीचे निदान करण्याचा अधिकार वैद्यकाच्या पदवीवर नव्हे, तर वयाच्या ज्येष्ठतेवर ठरतो, आणि या ज्येष्ठांच्या शास्त्रात पोटदुखीची कारणे मोजून तीन मानली जातात : गॅस, बाहेरचे खाणे आणि सरकलेली बेंबी. घरातील कर्त्या पुरुषाला गॅस होतो, तरुणांना बाहेरचे बाधते आणि ज्यांचे दुखणे या दोन्हींत बसत नाही, त्यांची बेंबी सरकते. उपचारही ठरलेले असतात. तळहातावर चोळलेला ओवा पादेलोणाबरोबर चावून वर कोमट पाणी प्यावे, तान्हे बाळ असल्यास त्याच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावावा आणि मग साऱ्या घराने ढेकराची वाट पाहावी. ढेकर आला की निदान सिद्ध होते. न आल्यास ओवा वाढवला जातो, निदान मात्र बदलले जात नाही.

या शास्त्राची नुसती टवाळी करणे अन्यायाचे होईल, कारण बहुतेक पोटदुख्या अपचन, बद्धकोष्ठ, कोंडलेला वायू किंवा आतड्याचा किरकोळ संसर्ग यांतूनच उद्भवतात आणि दोन दिवसांत आपोआप निवळतात. त्याचे श्रेय ओव्याला मिळते, एवढेच. अडचण उरलेल्या थोड्या पोटदुख्यांची आहे, आणि ती निर्माण करण्यात खुद्द पोटाचाही वाटा आहे. आतड्यांना ताण, पेटका, सूज आणि रक्तपुरवठ्यातील खंड हे सारे जाणवते, परंतु नेमके कोठे दुखते हे सांगण्याची त्यांच्या मज्जातंतूंची कुवत बेताचीच असते. आंत्रपुच्छ, म्हणजे ज्याला सर्वजण अपेंडिक्स म्हणतात ती मोठ्या आतड्याच्या आरंभी लोंबणारी बारीक नळी, असते पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. पण तिच्याकडून येणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, त्याच भागात बेंबीभोवतीच्या त्वचेचे तंतूही पोचत असल्यामुळे तिला सूज आली की आरंभी दुखते बेंबीपाशी. काही तासांनी सूज पोटाच्या आतील अस्तराला, म्हणजे उदरावरणाला भिडते आणि मगच दुखणे आपल्या खऱ्या जागी, उजवीकडे खाली उतरते. दरम्यान घरात बेंबी जागेवर बसवण्याचे प्रयत्न चालू असतात आणि दुखणे खरोखरच बेंबीवरून हलल्याने ते यशस्वी झाल्याचेही जाहीर होते. याच सुमारास ‘पोट साफ झाले की बरे वाटेल’ म्हणून कोणी एरंडेल पाजले, तर सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो.

हा अवयव मोठ्यांचीही भीड ठेवत नाही. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक 26 जून 1902 रोजी व्हायचा होता, देशोदेशीचे पाहुणे लंडनला पोचले होते, आणि राजाचे पोट दुखू लागले. समारंभ ठरल्या दिवशीच व्हावा असा त्याचा हट्ट होता. शेवटी 24 जूनला सर फ्रेडरिक ट्रीव्हज या शल्यविशारदाने राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून आंत्रपुच्छाभोवती साठलेला पू काढला आणि राज्याभिषेक 9 ऑगस्टला झाला. पाहुणे आले आहेत, तेव्हा दुखणे नंतर पाहू, ही वृत्ती केवळ मराठी लग्नघरांतच आढळते असे नाही.

कौटुंबिक निदानशास्त्राचा दुसरा दोष असा की, ते आवाजाला भुलते. मूत्रमार्गात खडा अडकलेला माणूस कमरेच्या बाजूकडून जांघेकडे जाणाऱ्या कळांनी तळमळतो, उठतो, बसतो, येरझारा घालतो आणि बेंबीच्या देठापासून ओरडतो. त्याच्यासाठी रिक्षा तत्काळ येते, आणि यावीच. उलट आतडे किंवा आंत्रपुच्छ फुटून उदरावरणाला सूज आलेला रोगी हालचालीने वेदना वाढते म्हणून निपचित पडून राहतो, त्याचे पोट फळीसारखे ताठ होते, आणि ‘आता जरा डोळा लागला आहे, उठवू नका’ असे म्हणून घरातील मंडळी हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात निघून जातात.

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून खांद्याकडे जाणारी कळ पित्ताशयातील खड्यांची असू शकते. वरच्या पोटातून आरपार पाठीत जाणारी तीव्र वेदना स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते, आणि मद्यपान हे तिचे एक प्रमुख कारण असल्याने रोगी पूर्वेतिहास सांगताना, विशेषतः पत्नीसमोर, फार मोघम बोलतो. स्त्रियांचे ओटीपोट दुखले की ‘पाळीचेच असेल’ असे म्हणून विषय मिटवला जातो; परंतु पाळी चुकलेली असताना एका बाजूला कळ आणि भोवळ आली, तर गर्भाशयाबाहेर रुजलेल्या गर्भाची शंका घ्यावी लागते, आणि तेथे तासांना महत्त्व असते.

गॅसच्या नावावर खपलेला सर्वांत घातक आजार मात्र पोटाचा नाहीच. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असल्याने त्याचा झटका कधीकधी छातीत न जाणवता पोटाच्या वरच्या भागात जळजळ, जडपणा किंवा मळमळ या रूपाने जाणवतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात असे विशेष घडते. अशा वेळी आलेला ढेकर कशाचाही पुरावा नसतो.

म्हणून वाचकांनी ओव्याची बरणी खुशाल जवळ ठेवावी; पण दुखणे एकाएकी व असह्य असेल, पोट ताठ वा फुगलेले असून शौच आणि वायू दोन्ही अडले असतील, उलटीत रक्त किंवा डांबरासारखे काळे शौच दिसेल, ताप वा कावीळ सोबत असेल, रुग्ण गरोदर असेल, किंवा घाम फुटून दम लागत असेल, तर घरातील ज्येष्ठांचे मत विचारात न घेता थेट रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.