जाता जाता डोकावून येऊ

सलग तीन सुट्ट्या जुळून आल्या, की माहीममध्ये शितळादेवीपासून सिटीलाइटपर्यंतच्या इमारतींत एकच बेत शिजतो. कोकणात मनसोक्त फिरायचं आणि जाता जाता नातेवाइकांकडे डोकावून यायचं. एका सहलीच्या खर्चात दोन्ही कामं. शिवाय राहण्याचा खर्च शून्य, पण हे मोठ्याने बोलायचं नसतं. मोठ्याने बोलायचं ते, ‘मुलांना आपली माणसं कळायला हवीत.’

आमच्या इमारतीतल्या काकांनी असाच बेत आखलाय. कागद मला दाखवला. शुक्रवारी रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस. शनिवारी पहाटे चिपळूण, आत्याकडे चहा, परशुराम मंदिर. दुपारी गुहागरला मावशीकडे जेवण, मग व्याडेश्वर आणि समुद्र. रविवारी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि मालगुंडला चुलतभावाकडे मुक्काम. सोमवारी केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरीत मेहुणीकडे जेवण, थिबा राजवाडा आणि रात्रीच्या गाडीने परत. मंगळवारी ऑफिस. या कागदावर झोप कुठेच लिहिलेली नव्हती.

मार्ग मात्र झकास निवडलाय. गुहागर तालुक्याचा किनारा उतरत उतरत जयगडला जाणं यासारखा रस्ता आपल्याकडे फार नाही. काकांचा भूगोल पक्का आहे. कच्चं आहे ते बाकीचं सगळं.

पहिली ठेच दादरलाच लागते. तुतारी सुटते रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे शुक्रवारी जेवून निघणाऱ्याने तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. शुक्रवारचं काढलं असेल, तर ती गाडी तुम्ही गुरुवारी रात्री घरी घोरत असतानाच गेली. असे प्रवासी दर मोठ्या सुट्टीला फलाटावर भेटतात. टीसीला काही समजावून सांगावं लागत नाही, चेहरा बघूनच तो पुढे सरकतो. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. पण ‘आधी आत्याला कळवायचं की मावशीला’ यावर एकमत व्हायला आपल्या घरांत ६० दिवस कमीच पडतात. एकमत होतं तेव्हा प्रतीक्षा यादी माहीमच्या रेशन दुकानापर्यंत आलेली असते.

आणि रेल्वेतून निसर्ग दिसेल या भरवशावर राहू नका. रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. डोंगर पोखरून, दऱ्या ओलांडून लोकांनी अचाट काम केलं. पण महाराष्ट्रात ही रेल्वे समुद्राच्या काठाने जातच नाही. दिसतात ते बोगदे. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा तर एकटाच साडेसहा किलोमीटरचा. त्यातून काका जाणार रात्री आणि येणार रात्री, म्हणजे बोगद्याबाहेरही बोगदाच.

‘मग गाडीच काढू,’ असं काकांच्या मुलाचं म्हणणं. काढा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता मतदान करतात. माणगावात दोन तास उभं राहिलं की कुटुंबात जो संवाद घडतो, तो घरी वर्षभर घडत नाही. आपली माणसं मुलांना तिथेच नीट कळतात.

चिपळुणात पोचलात, की कोकणातल्या रस्त्यांचं गणित सुरू होतं. माहीमकराने ते बांगड्यावरून समजून घ्यावं. महामार्ग हा मधला काटा, आणि गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी ही सगळी बाजूच्या काट्यांच्या टोकाला. नकाशावर मालगुंड गुहागरच्या बोटभर खाली दिसतं, म्हणून काका म्हणाले, ‘हे काय, शेजारीच!’ मध्ये शास्त्री नदीची खाडी आहे, काका. एक तर आबलोलीवरून भातगावच्या पुलाने वळसा घालून जा, नाहीतर तवसाळला फेरीबोटीची वाट बघा. बोट म्हणजे काय, तर गाड्या, मोटारसायकली, एखादी बोकडाची जोडी आणि आपण, सगळे एका पत्र्यावर. कठड्याशी उभं राहायचं, पलीकडचा जयगडचा किनारा हळूहळू जवळ येऊ द्यायचा. अख्ख्या सहलीतली सर्वांत देखणी वेळ हीच, आणि कोणाच्याही कागदावर ती ‘प्रेक्षणीय’ या सदरात नसते. रेवस ते रेड्डी सागरी मार्गाचं बोलणं आम्ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. त्यावरचे खाड्यांचे पूल झाले, की हे पाणी भुर्रकन ओलांडता येईल. मला काही घाई नाही.

आता खरी मेख. नातेवाइकांच्या घरातलं घड्याळ निराळं असतं. ‘पाच मिनिटं टेकतो’ म्हणून पायरी चढलात, की आधी पाणी, मग चहा. चहामागून पोहे, पोह्यांवर ओलं खोबरं. ‘नको नको’ म्हणेपर्यंत आतून आवाज येतो, ‘उठायचं नाही हां, मोदकांची उकड काढल्ये.’ मोदकांना नाही म्हणणारा माणूस माहीममध्ये अजून जन्माला यायचाय. मग ओटीवर बसून विषय निघतात. आत्याचा गुडघा. शेजाऱ्याने सरकवलेला गडगा. सातबारावर अजून आजोबांचंच नाव. माकडांनी केलेला नारळांचा सत्यानाश. भिंतीवरच्या तसबिरींपैकी कोण कोणाचे, याची पुन्हा उजळणी. यात काही वाईट नाही, उलट यातच खरी मजा आहे. फक्त परशुराम मंदिर राहतं ते राहतंच, आणि काकांना ते ‘कव्हर’ करायचं होतं.

ऋतूचंही तसंच. हिवाळ्यात गेलात, तर कातळ करडा झालेला असतो आणि प्रत्येक घरी ऐकायला मिळतं, ‘पावसात यायला हवं होतंत, काय हिरवंगार असतं!’ पावसात गेलात तर त्याच घरी, ‘आत्ता कशाला आलात, काही दिसत नाही नि कपडे वाळत नाहीत.’ मे महिन्यात गेलात तर कोणी काही म्हणत नाही. तेव्हा तुम्ही आंब्यांसाठी आलेले असता, हे त्यांना ठाऊक असतं.

या सगळ्यात काकू कुठे असतात? काकूही सहलीलाच निघालेल्या असतात. आत्याकडे त्या नारळ खवतात, मावशीकडे पोळ्या लाटतात, मेहुणीकडे ताटं घेतात. ‘राहू द्या हो’ असं सगळे म्हणतात आणि राहू कोणीच देत नाही. पुरुषमंडळी ओटीवर पाय पसरून ‘इथली हवाच वेगळी’ म्हणतात. हवा वेगळी असेलही, स्वयंपाकघर तेच आहे. माहीममध्ये काकूंना निदान बाहेरून वडापाव मागवता येतो. सहल सगळ्यांची आहे की काकू सोडून बाकीच्यांची, हे एकदा कागदावर लिहायला काय हरकत आहे?

पण नातेवाइकांचा खरा उपयोग काकांना ठाऊकच नाही. हेदवीची बामणघळ घ्या. खडकात एक चिंचोळी भेग आहे. भरतीचं पाणी जोरात तिच्यात घुसतं आणि उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर बघायला फक्त भेग. काकांच्या कागदावर हेदवी सकाळी साडेदहाला आहे, कारण त्यानंतर फेरीबोट आहे. समुद्राला हे कोणी कळवलेलं नाही. गुहागरची मावशी मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एकदा बघते आणि सांगते, ‘आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. संध्याकाळी जा.’ तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. हिशोब ढोबळ आहे, पण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आपल्या माहीमच्या कोळीवाड्यातही. मोबाइलवर पाच ठिकाणी बोट फिरवून जे कळलं नसतं, ते मावशीने पोळी भाजता भाजता सांगितलं. कोणत्या वळणावरून समुद्र चांगला दिसतो, कुठल्या खानावळीत सोलकढी ताज्या नारळाची आणि कुठल्या पाकिटातली, कोणत्या पुळणीवर पाण्यात उतरायचं नाही, हे सगळं तिला माहीत असतं. गंमत म्हणजे ती स्वतः वर्षानुवर्षं समुद्रावर गेलेली नसते. त्यावर हसू नका. माहीमचा किल्ला तुम्ही जवळून कधी पाहिलात?

म्हणून बेत माहीममध्ये आखूच नये. मावशीला फोन करावा, दिवस सांगावे आणि पुढचं तिच्यावर सोडावं.

राहिला मालगुंडचा चुलतभाऊ. काकांच्या डोळ्यांपुढे अजून पंचवीस वर्षांपूर्वीचं घर आहे. सारवलेली पडवी, ओळीने घातलेल्या सतरंज्या, रात्री गप्पा. भावाने त्या पडवीच्या कधीच खोल्या केल्यात. टाइल्स लावल्यात, गरम पाण्याची सोय केलीय, बाहेर पाटी लावलीय. गणपतीपुळ्याला येणाऱ्या गर्दीवर त्याचं घर चालतं. सरकारची निवास-न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे. सलग सुट्ट्यांचे ते तीन दिवस म्हणजे त्याचा हंगाम. नेमके तेच तीन दिवस काकांना मोकळे आहेत, कारण ते सगळ्यांनाच मोकळे आहेत. समजा, काका सहकुटुंब उतरले. भावाच्या दोन खोल्या अडल्या. पुण्याहून आलेला फोन त्याने ‘फुल्ल आहे’ म्हणून ठेवला. वहिनीने सकाळी घावणे, दुपारी मासे, रात्री तांदळाची भाकरी केली. निघताना काकांनी पुतण्याच्या हातात पाचशेची नोट आणि माहीमच्या हलव्याचा बॉक्स ठेवला. पिशव्यांत नारळ, कोकम, फणसपोळी आणि कुळथाचं पीठ भरून घेतलं. घरी आल्यावर म्हणाले, ‘यंदाची सहल फार स्वस्तात झाली.’

झालीच. फरक भावाने भरला.

उलट दिशेचा प्रवासही एकदा बघू. कोकणातले हे लोक आपल्याकडे कधी येतात? त्यांच्या मुंबई दर्शनातली स्थळं ठरलेली आहेत: परळला केईएम, परळलाच टाटा आणि आपल्या माहीमला हिंदुजा. हातात फायली, पिशवीत एक्स-रे. आपल्याला त्यांचा समुद्र हवा असतो, त्यांना आपल्या शहरातला डॉक्टर. आणि त्यांचा फोन आला, की माहीममध्ये काय बोलणं होतं? ‘या ना, पण मुलांची परीक्षा चालू आहे.’ ‘या ना, पण पाण्याचा प्रॉब्लेम आहे.’ ‘दादरला एक लॉज चांगला आहे म्हणे, तुम्हाला सोयीचा पडेल.’ जागा लहान आहे हे खरं. पण ती आपल्या मनाएवढी लहान नाही.

काकांचा कागद मी परत दिला, थोडी खाडाखोड करून. चार घरांतली दोन काढलीत. परशुराम, थिबा राजवाडा आणि आरे-वारे पुढच्या खेपेला. आत्या रुसेल, तिला आजच फोन करा आणि सांगा की पुढच्या वेळी फक्त तुझ्याकडेच. शनिवारी चिपळूणहून थेट गुहागर, मावशीकडे एक रात्र, हेदवी भरती बघून. रविवारी तवसाळची बोट आणि मालगुंडला दुसरी रात्र. सोमवारी गणपतीपुळ्याहून सावकाश रत्नागिरी स्टेशन. काकू कुठल्याही स्वयंपाकघरात जाणार नाहीत, ही अट काकांनी स्वतः फोनवर सांगायची. ती सांगताना त्यांचा चेहरा बघायला मी हजर राहणार आहे.

आणि चुलतभावाला ‘येतोय’ म्हणू नका. ‘खोली रिकामी आहे का आणि दर काय’ हे विचारा. तो म्हणेल, ‘दादा, घरच्यांकडून कसले पैसे!’ त्याच्याशी वाद घालत बसू नका, वहिनीच्या नंबरवर पाठवून मोकळे व्हा. मावशी काही घेणार नाही. तिला पुढच्या महिन्यात हिंदुजाची तारीख मिळालीय म्हणतात. त्या दिवशी पहाटे दादर स्टेशनवर उतरवून घ्यायला जा आणि लॉजचं नाव काढू नका.