तीळ कुठे गेला?

मेलिसा वँडेला या बाईंच्या सेवाशर्तींची एकदा चौकशी व्हायला हवी. पद : अ‍ॅव्हरिल लव्हीन. कामाचं स्वरूप : गाणी लिहिणं, ती गाणं, जगभर दौरे करणं, दोनदा लग्न करून दोनदा घटस्फोट घेणं, लाइम नावाच्या आजारानं अंथरूण धरणं आणि त्यातून उठून त्यावरही एक गाणं करणं. रजा नाही. स्वतःच्या नावानं सही करायची सोय नाही. जाणकारांचं म्हणणं असं की कॅनडाची ही गायिका 2002 च्या पहिल्या अल्बमनंतर वर्षभरातच वारली, आणि फोटोवाल्यांना चकवण्यासाठी आधीपासून हाताशी ठेवलेली ही हुबेहूब मुलगी तिच्या जागी उभी करण्यात आली. तेव्हापासून बाई कामावर आहेत. वीस वर्षं उलटली, पगारवाढीचं नाव नाही. असा बदली कामगार मिळत असेल तर मूळ माणसं नेमायचीच कशाला?

आपल्याकडच्या तोतयाचं निदान समजू शकतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला, त्यानं फौज जमवली, कोकणात किल्ले घेतले आणि 1776 मध्ये जीव गमावला. त्याला गादी दिसत होती. मेलिसाबाईंच्या वाट्याला काय आलं? दुसऱ्याच्या नावानं ‘गर्लफ्रेंड’ हे गाणं म्हणायचं, तेही आठ भाषांत.

आमचा भाचा या खात्यातला तज्ज्ञ आहे. तो गाणं ऐकत नाही, गाणं थांबवतो. व्हिडिओ सुरू झाला की बोट स्पेसबारवर. चित्र थांबवायचं, मोठं करायचं, आणखी मोठं करायचं, इतकं की गायिकेच्या जागी नुसते चौकोनी ठिपके उरतात. मग त्या ठिपक्यांत तो तीळ शोधतो. जुन्या फोटोत होता तो तीळ नव्यात नाही. बघ मामा, कुठे गेला? मी मेकअप म्हणालो, तेव्हा त्यानं माझ्याकडे रेकॉर्ड कंपनीचा माणूस असल्यासारखं पाहिलं. नाक वेगळं, अक्षर वेगळं. शिवाय सतराव्या वर्षी जी मुलगी ढगळ पँट आणि टाय घालून फिरायची, ती पुढे स्कर्ट घालू लागली! आता सतराव्या वर्षीचे कपडे पुढे कोणी टाकून दिले की माणूस बदलला, असा कायदा केला तर आपल्या घराण्यात मूळ माणूस एकही शिल्लक राहत नाही. भाचा स्वतः दहावीत गळ्यात कवटी घालायचा. त्याच्या जागी कोणाला आणून ठेवलंय, हे आमच्या ताईला विचारायला हवं.

पुराव्यांतला मुकुटमणी म्हणजे एक फोटो. त्यात अ‍ॅव्हरिलच्या हातावर चक्क ‘मेलिसा’ असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे कंपनीनं मृत्यू दडवला, प्रेताची विल्हेवाट लावली, डॉक्टर, वकील, नातेवाईक सगळ्यांची तोंडं बंद केली, आणि फोटो काढायच्या दिवशी पोरीच्या हातावर पेननं खरं नाव लिहून दिलं. विसरायला नको म्हणून असेल. गुप्त कटांचं हे शास्त्रच न्यारं आहे. कट करणारे जगाला फसवण्याइतके हुशार, आणि आपल्या भाच्याला सापडतील इतक्या खुणा सोडण्याइतके बावळट. हे दोन्ही गुण एकाच वेळी असल्याशिवाय म्हणे या धंद्यात घेतच नाहीत. 2004 च्या अल्बममध्ये कोणीतरी गेल्याचं दुःख सांगणारं एक गाणं आहे. ते तिनं आजोबांच्या जाण्यावर केलेलं. पण नातीला आजोबांचं दुःख होऊ शकतं हे संशोधकांना मंजूर नाही. त्यांच्या मते ते मेलिसानं अ‍ॅव्हरिलसाठी गायलेलं.

मग येतो 2007 चा ‘गर्लफ्रेंड’चा व्हिडिओ. इथे भाच्याचा श्वास अडकतो. मिनी गोल्फच्या मैदानावर लाल केसांची, चष्मा लावलेली एक साधीभोळी मुलगी आपल्या मित्राबरोबर आलेली आहे, आणि दुसरी एक आगाऊ मुलगी तो मित्र पळवायला निघाली आहे. दोघींचं काम अ‍ॅव्हरिलनंच केलंय. निराळ्या केसांची तिसरीही तीच. भाच्यानं तिघींना तीन खिडक्यांत शेजारी शेजारी बसवलं आणि विजयी मुद्रेनं विचारलं, आता बोल! मी म्हटलं, टोप. तो म्हणाला, मूळ, बदली आणि बदलीची बदली.

हे सगळं 2011 मध्ये ब्राझीलमधल्या एका संकेतस्थळावरून उगवलं. ते लिहिणाऱ्यानं सांगूनही टाकलं होतं की धादांत खोटी गोष्ट किती खरी भासवता येते, हे दाखवायलाच हा खटाटोप. वाचकांनी ते वाक्य सोडून बाकीचं सगळं मनावर घेतलं. भाच्याच्या मते ते वाक्य कंपनीनं घुसडलंय.

असल्या वावड्यांच्या घराण्याचा मूळपुरुष बीटल्समधला पॉल मॅकार्टनी. तो नोव्हेंबर 1966 मध्ये मोटार अपघातात गेला, अशी वावडी 1969 च्या शरदात अमेरिकेतल्या कॉलेजांमधून पसरली. 1967 च्या ‘मॅजिकल मिस्ट्री टूर’ या त्यांच्या फिल्ममध्ये चौघंही पांढरे सूट घालून जिना उतरतात. तिघांच्या कोटाला लाल फूल, पॉलच्या कोटाला काळं. झालं! पॉलनं पुढे सांगितलं की लाल फुलं संपली होती. खरं कारण नेहमी असंच निरुपयोगी असतं. मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकात फ्रेड लबूर नावाच्या पोरानं ‘अ‍ॅबी रोड’ या अल्बमचं परीक्षण लिहायचं सोडून पॉलच्या मृत्यूचे पुरावेच छापले. त्यांतले कितीतरी त्यानं बसल्या जागी रचले होते. बदली माणसाचं विल्यम कॅम्पबेल हे नावही त्याच्याच डोक्यातलं. हा कॅम्पबेल म्हणे पॉलसारखं दिसण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला. त्यानंच मग ‘हे जूड’ आणि ‘लेट इट बी’ लिहिलं आणि 1997 मध्ये राणीकडून ‘सर’ही झाला. स्पर्धेत दुसरे-तिसरे आलेल्यांना निदान गाण्याच्या क्लासवर तरी ठेवायचं होतं.

पुढे टीव्हीवर या प्रकरणाचा लुटुपुटीचा खटला भरला. उलटतपासणीला एफ. ली बेली हा नामांकित वकील. लबूरनं त्याला आधीच खासगीत सांगून टाकलं की मी सगळं रचलंय. त्यावर, लबूर सांगतो त्याप्रमाणे, वकिलाचं म्हणणं एवढंच की आता तासाभराचा कार्यक्रम भरायचाय, तेव्हा तसंच रेटून ने. टीव्हीवरच्या चर्चांची घटना इतक्या थोडक्यात कोणी लिहिली नसेल.

राहवलं नाही म्हणून मीही थोडं संशोधन केलं. ‘सार्जंट पेपर’ या 1967 च्या अल्बममधल्या फोटोत पॉलच्या बाहीवर एक बिल्ला आहे. संशोधकांनी त्यावरची अक्षरं ‘ओपीडी’ अशी वाचली आणि तो अधिकृतपणे मृत घोषित झाल्याचा अर्थ काढला. आपल्याकडे ओपीडी म्हणजे केसपेपरची रांग, त्यामुळे मला तो पॉल जिवंत असल्याचाच पुरावा वाटला. प्रत्यक्षात अक्षरं ‘ओपीपी’ अशी आहेत. ओन्टारियो प्रांतिक पोलीस. आणि अ‍ॅव्हरिलचा जन्म कुठला? ओन्टारियोचा! 1984 सालचा! म्हणजे एका बदली गायकानं दुसऱ्या बदली गायिकेची खबर तिच्या जन्माआधी सतरा वर्षं बाहीवर लावून ठेवली होती. भाच्याला हे थट्टेत सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

गंमत अशी की खरे तोतये याच पडद्यावर दिवसाढवळ्या नाचत होते. मिली व्हॅनिली हे दोन देखणे तरुण, रॉब आणि फॅब. गाण्यात अमेरिकन उच्चार एकदम सफाईदार, मुलाखतीत तेच इंग्रजी जर्मन-फ्रेंच वळणानं ठेचकाळणारं. याला चित्र थांबवावं लागत नव्हतं, नुसते कान उघडे हवे होते. जुलै 1989 मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल इथे भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रण अडकलं आणि तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले. रॉब रंगमंच सोडून पळाला. लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत दोघांना ग्रॅमी मिळालं. नोव्हेंबर 1990 मध्ये त्यांचा निर्माता फ्रँक फारियन यानं स्वतःच कबूल केलं की दोघं एक ओळही गायलेले नाहीत, आणि ग्रॅमी परत गेलं. या फारियनचा हात आधीच बसलेला होता. सत्तरच्या दशकात आपल्याकडेही घरोघरी वाजलेल्या ‘बोनी एम’मध्ये बॉबी फॅरेल नाचायचा, आणि त्याचा तो जाडाभरडा आवाज स्टुडिओत फारियन स्वतः काढायचा. तेव्हा कुठे होते हे तीळवाले?

भाच्याला म्हटलं, अरे, आपल्याकडे तर उसन्या आवाजावर अख्खा सिनेमा उभा आहे. 1949 च्या ‘महल’च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. लोकांनी तीळ नाही शोधला, रेडिओला पत्रं लिहिली, की बाई कोण गातेय सांगा. रेडिओनं कंपनीकडे विचारणा केली आणि नाव जाहीर केलं : लता मंगेशकर. विषय संपला.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कोणी सांगितलं म्हणालास? सरकारी रेडिओनं? आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”