कशाचा वायसर?

नळ गळायला लागला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, प्लंबरला बोलवा. दुसरा म्हणतो, छे, एका वायसरचं तर काम! मग दुसऱ्या पक्षाच्या हातात पिशवी देऊन त्याला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं जातं.

तिथं ‘एक वायसर द्या’ म्हणणं म्हणजे वाण्याकडे ‘एक डाळ द्या’ म्हणणं. दुकानदार मानही वर करत नाही.

“कशाचा?”

“नळाचा.”

“अर्धा इंची की पाऊण?”

आता घरातल्या ज्या नळाला अख्खं जग अर्धा इंची म्हणतं, त्याच्या आट्यांवर पट्टी धरली तर माप भरतं जवळजवळ एकवीस मिलिमीटर. अर्धा इंच ही आतल्या पोकळीची गोष्ट, आणि तीही अंदाजपंचे. मोजून आलेलं गिऱ्हाईक म्हणूनच न मोजता आलेल्यापेक्षा जास्त चुकतं.

शेवटी तो विचारतो, “जुना आणलाय?” हा प्रश्न खरा शहाणा. पण नळ गळतो म्हणून तो जास्त जोर लावून पिळणारा एक बलभीम प्रत्येक घरात असतो. त्यानं पिळलेला रबर कडेला फाटतो, मधे गोल खाच पडते. गीझरच्या नळाचा असेल तर कडक होऊन गोटीसारखा वाजतो. अशा ऐवजावरून मूळ माप ओळखणं म्हणजे दुकानदाराची साधनाच.

नळाचं तरी बरं. पत्र्याच्या छपराला हुकाच्या नटाखाली डांबरी वायसर लागतो. तिथं नुसती लोखंडी चकती टाकली की मृगात घरभर पातेली मांडायची. नट सैल होऊ नये म्हणून स्प्रिंगचा वायसर असतो, आणि तो जन्मतःच एका जागी चिरलेला असतो. शेजारच्या काकांनी ‘तुटका दिलात’ म्हणून तो परत केला. दुकानदारानं वाद न घालता त्यांना दुसरा तुटका दिला. काका खूश.

रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाला चामड्याचा वायसर असायचा. तो सुकला की दट्ट्या नुसता मागेपुढे, हवा आत जायचं नाव नाही. आजी तो काढून खोबरेल चोळायची, बोटानं कडा फुलवायची आणि परत बसवायची. माप, प्रकार, दुकान, काही नाही. घरातला एकमेव वायसरतज्ज्ञ माणूस, पण प्लंबर असा मान तिला कुणी दिला नाही.

हल्लीच्या पाव फिरकीत बंद होणाऱ्या नळांत रबरी वायसर दाबायची भानगडच नसते. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. असा नळ गळला की अख्खा स्पिंडल बदलायचा.

“मिळेल की,” दुकानदार म्हणतो. “कंपनी कुठली?”

आणि नळावरचं नाव तर दर दिवाळीला घासून घासून कधीच गेलेलं असतं.